इंडियम आर्सेनाइडचा गाभा आणि दोन कवचे: अवरक्त प्रकाश देणाऱ्या एका नॅनोस्फटिकाच्या रचनेचा प्रकरण अभ्यास

जिवंत उंदराच्या मेंदूतील रक्तवाहिन्या, कवटी न उघडता आणि हाडाच्या आरपार, चलच्चित्राच्या वेगाने पाहता येतील का, हा या प्रकरणाचा मूळ प्रश्न आहे. वरवर पाहता तो कॅमेऱ्याचा आणि लेसरचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर काही नॅनोमीटर व्यासाच्या एका स्फटिकाच्या पृष्ठभागापाशी अडून राहिले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मौंगी बावेंडी यांच्या गटाने इतर संस्थांतील सहकाऱ्यांसह २०१६ आणि २०१७ मध्ये जी दोन कामे प्रसिद्ध केली, त्यांत हा स्फटिक आकाराला आला: गाभ्यात इंडियम आर्सेनाइड, त्यावर कॅडमियम सेलेनाइडचे कवच आणि त्याच्याही बाहेर आणखी रुंद बँड गॅप (इलेक्ट्रॉनला उत्तेजित करण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) असलेल्या अर्धवाहकाचे दुसरे कवच. पुढील विवेचनात या रचनेतील निर्णय आणि त्यांमागची कारणे तपासली आहेत. कवचाला आपण सवयीने संरक्षक थर म्हणतो. पण या प्रकरणात रंग, तेज, कणाचा आकार आणि पाण्यातील टिकाव या चारही गोष्टी मुख्यतः कवचाने ठरवल्या, आणि त्या चारही एकाच वेळी मनासारख्या मिळत नाहीत, हे या अभ्यासाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ऊतींनी घातलेल्या अटी

दृश्य प्रकाशासाठी जिवंत ऊती जवळजवळ अपारदर्शक असतात. साधारण ६५० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हिमोग्लोबिन जोरात शोषते; पेशींतील काही रेणू आणि प्राण्याच्या खाद्यातील हरितद्रव्य स्वतःच थोडा प्रकाश सोडतात आणि त्यामुळे चित्राची पार्श्वभूमी गढूळ होते; शिवाय पेशीपटले, तंतू आणि हाडातील खनिज कण प्रकाशाला वाटेत अनेकदा वळवतात. यांपैकी शोषणामुळे चित्र केवळ मंद होते, प्रकीर्णनामुळे मात्र ते पुसट होते, आणि बारीक वाहिन्या वेगवेगळ्या ओळखायच्या असतील तर पुसटपणा हाच मोठा शत्रू ठरतो.

क्वांटम डॉट, म्हणजे असे प्रकाश देणारे अर्धवाहक नॅनोस्फटिक, जैविक खुणा म्हणून वापरता येतात हे १९९८ मध्ये दाखवले गेले, परंतु ते काम सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींपुरते होते. २००४ मध्ये कॅडमियम टेल्युराइडचा गाभा आणि कॅडमियम सेलेनाइडचे कवच असलेल्या, सुमारे ८५० नॅनोमीटरला प्रकाश देणाऱ्या कणांनी ऊतींखाली १ सेंटिमीटर खोलीवरची लसीकाग्रंथी शस्त्रक्रियेच्या वेळीच दाखवून दिली. ते यश मोठे होते, पण त्यात ग्रंथी कुठे आहे एवढेच पाहायचे होते. मेंदूतील वाहिन्यांचे जाळे उलगडायचे तर प्रकीर्णन आणखी कमी व्हायला हवे, आणि तरंगलांबी वाढवली की ते कमी होते. त्यामुळे १००० नॅनोमीटरच्या पलीकडे जाणे भाग पडले.

पलीकडे जाताना अडथळा पाण्याचा असतो. पाण्याच्या शोषणाची शिखरे ९७०, १२०० आणि १४५० नॅनोमीटरच्या आसपास आहेत, आणि त्यांतील शेवटचे शिखर फारच उंच आहे: तेथे शोषणांक दर सेंटिमीटरला सुमारे ३० इतका असल्यामुळे केवळ १ मिलिमीटर पाण्यातून जातानाच बहुतेक प्रकाश नाहीसा होतो. म्हणून १२०० आणि १४५० यांच्या दरम्यानची, म्हणजे १३०० नॅनोमीटरच्या आसपासची खिडकी सोयीची ठरते. येथे एक गमतीची बाब नोंदवण्यासारखी आहे. पाण्याचे शोषण नेहमीच हानिकारक नसते; वाटेत अनेकदा वळलेल्या फोटॉनांचा प्रवास लांबचा असल्याने पाणी त्यांना अधिक प्रमाणात गिळते, सरळ आलेले फोटॉन त्या मानाने वाचतात, आणि त्यामुळे चित्र मंद झाले तरी त्यातील फरक अधिक ठळक दिसू शकतो. ज्याच्याकडे भरपूर तेजस्वी कण आहेत त्याला हा सौदा परवडतो, इतरांना नाही. कॅमेऱ्यापुरते बोलायचे तर सिलिकॉनचे संवेदक १००० नॅनोमीटरनंतर लवकरच आंधळे होतात. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे संवेदक साधारण ९०० ते १७०० नॅनोमीटरपर्यंत पाहतात, आणि रचनेची बाह्य चौकट त्यांनीच आखून दिली.

दुसरी अट वेळेची. उंदराचे हृदय मिनिटाला ५०० ते ६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला दहाच्या आसपास. ठोक्याचा आकार नीट टिपायचा असेल तर सेकंदाला त्याच्या कितीतरी पट चौकटी (स्वतंत्र चित्रे) हव्यात. ६० चौकटी धरल्या तर एका चौकटीच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. त्या अवधीत पुरेसे फोटॉन हवेत, आणि लेसरची शक्ती हवी तितकी वाढवता येत नाही, कारण कणांना उत्तेजित करणाऱ्या ८०८ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी त्वचेवरची सुरक्षित मर्यादा लेसर-सुरक्षेच्या प्रचलित नियमांनुसार चौरस सेंटिमीटरला ०.३३ वॅटच्या आसपास आहे. आत जाणारा प्रकाश मर्यादित, वेळ मर्यादित, कणांची मात्राही प्राण्याला सोसवेल इतकीच. वाढवण्यासारखी एकच राशी उरते, ती म्हणजे प्रत्येक कणाची प्रकाश शोषण्याची आणि परत देण्याची क्षमता.

पदार्थाची निवड

अर्धवाहकाचा स्फटिक लहान केला की त्याचा बँड गॅप वाढतो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे हव्या त्या तरंगलांबीसाठी मूळ पदार्थाचा बँड गॅप तिच्या ऊर्जेपेक्षा कमी असावा लागतो. १३०० नॅनोमीटर म्हणजे सुमारे ०.९५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या एका अटीनेच परिचित नावे गळतात: कॅडमियम सेलेनाइड १.७४ वर, म्हणजे ७१२ नॅनोमीटरला थांबते. इंडियम फॉस्फाइड १.३४ वर, म्हणजे ९२५ ला. २००४ च्या कणांत उत्तेजित इलेक्ट्रॉन कवचात आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली धनभारित रिकामी जागा) गाभ्यात ठेवण्याची युक्ती वापरून कॅडमियम टेल्युराइडला त्याच्या स्वतःच्या मर्यादेपलीकडे नेले होते, परंतु त्या वाटेनेही १३०० नॅनोमीटर गाठणे कठीण होते.

उरलेल्यांत शिसे सल्फाइड, चांदी सल्फाइड आणि इंडियम आर्सेनाइड हे खरे उमेदवार. शिसे सल्फाइडचा बँड गॅप ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, त्याचे कण बनवणे तुलनेने सोपे आहे आणि त्यांचा आकारही एकसारखा मिळतो. पण त्यावर कवच चढवण्याची रूढ पद्धत कॅटायन (धन आयन) विनिमयाची आहे: कणातील बाहेरच्या शिशाच्या आयनांची जागा कॅडमियम घेते आणि कॅडमियम सल्फाइडचे कवच गाभ्याच्याच खर्चाने तयार होते. कणाचा एकूण आकार तेवढाच राहतो, गाभा आक्रसतो आणि रंग निळ्याच्या बाजूला सरकतो. ही पद्धत चतुर आहे, पण कवच जाड करावे तितका गाभा कमी होत जातो. आधीच मोठा गाभा घेऊन सुरुवात करावी लागते आणि कवचाची जाडी स्वतंत्रपणे ठरवण्याचे स्वातंत्र्य राहत नाही. त्यातच असे कण पाण्यात नेल्यावर त्यांचे तेज बरेच घटते.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मिसळलेल्या फ्लोराइड नॅनोस्फटिकांचा मार्गही होता. एर्बियम १५५० च्या आसपास आणि निओडिमियम १०६० च्या आसपास अरुंद रेषेत प्रकाश देतात, आणि त्यांच्यावरही निष्क्रिय कवच चढवावे लागते, कारण पृष्ठभागाजवळचे आयन आपली ऊर्जा बाहेरच्या पाण्याला देऊन टाकतात. परंतु या आयनांची उत्तेजित अवस्था मिलिसेकंदाच्या आसपासच्या कालमापावर टिकते आणि त्यांचे शोषण दुबळे असते. इंडियम आर्सेनाइडच्या कणात उत्तेजित अवस्था नॅनोसेकंदांच्या मापात संपते, त्यामुळे तोच कण एका चौकटीत कितीतरी अधिक वेळा प्रकाश देऊ शकतो. जलद चित्रणासाठी हा फरक निर्णायक आहे. स्थिर चित्रासाठी तो इतका महत्त्वाचा नसता.

इंडियम आर्सेनाइडचा बँड गॅप ०.३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे खालच्या बाजूला भरपूर जागा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची स्फटिकरचना झिंक ब्लेंड प्रकारची आहे आणि जालकांतर (स्फटिकात अणूंची मांडणी पुन्हा पुन्हा येते ते अंतर) ०.६०६ नॅनोमीटर आहे. त्याच रचनेतील कॅडमियम सेलेनाइडचे जालकांतर ०.६०५. दोन भिन्न पदार्थांत इतका जवळचा मेळ क्वचितच आढळतो. या निवडीमागे गाभ्याच्या गुणांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, वजन या मेळाला द्यावे लागेल.

गाभा वाढवण्याची अडचण

इंडियम आर्सेनाइडचे कलिली कण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बनवले जात होते, तरी त्यांची गुणवत्ता कॅडमियम सेलेनाइडच्या तोडीची होत नव्हती. एक कारण पदार्थातच आहे. त्यातील इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान (स्फटिकात तो किती जड असल्यासारखा वागतो याचे माप) मुक्त इलेक्ट्रॉनच्या केवळ ०.०२३ पट असल्याने कणाच्या व्यासात थोडासा फरक पडला तरी बँड गॅप बराच बदलतो. म्हणून कणांच्या आकारांतील विखुरलेपण कॅडमियम सेलेनाइडमध्ये चालून जाईल इतके असले तरी इंडियम आर्सेनाइडमध्ये त्यातून रुंद, पसरट वर्णपट मिळतो. दोन-तीन रंगांचे कण एकाच वेळी वापरून वेगवेगळे अवयव किंवा प्रक्रिया वेगळ्या दाखवायच्या असतील तर रुंद वर्णपट उपयोगाचा नसतो.

दुसरे कारण रसायनाचे. आर्सेनिकचा स्रोत म्हणून वापरली जाणारी सिलिल किंवा जर्मिल गट जोडलेली संयुगे अतिशय क्रियाशील असतात आणि हवेत किंवा ओलाव्यात विषारी आर्सिन वायू निर्माण करू शकतात, म्हणून सर्व काम निष्क्रिय वायूखाली चालते. गरम द्रावणात हे संयुग एकदम टोचले की ते क्षणार्धात संपते, असंख्य लहान केंद्रके (स्फटिकांचे पहिले अंकुर) बनतात आणि पुढे वाढण्यासाठी माल उरत नाही. त्यानंतर पुन्हा टोचले तर जुने कण वाढण्याऐवजी नवीन केंद्रके जन्माला येण्याचा धोका असतो. २०१६ च्या कामात कणांच्या वाढीच्या वेगाचा तपशीलवार अभ्यास करून वेगळी वाट घेतली गेली: आधी लहान कण तयार करायचे आणि मग स्रोत द्रावण अखंड, पण अतिशय सावकाश सोडत राहायचे. द्रावणातील मोकळ्या मालाचे प्रमाण नवीन केंद्रक बनण्याच्या पातळीखाली राहिले, तर आलेला माल असलेल्या कणांवरच बसतो. या पद्धतीने मोठे आणि तरीही अरुंद वर्णपटाचे कण मिळाले. ऐकायला ही बाब साधी वाटते, पण तोपर्यंत या क्षेत्राचे बरेच प्रयत्न अधिक मंद किंवा अधिक क्रियाशील स्रोत शोधण्यावर खर्च झाले होते. माल कोणता घालावा यापेक्षा तो किती वेगाने घालावा याकडे लक्ष वळणे, हे माझ्या मते या टप्प्यातील खरे योगदान आहे.

पहिले कवच: मेळ आणि गळती

कवच नसलेल्या इंडियम आर्सेनाइडच्या कणाचे क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे परत बाहेर पडणाऱ्या फोटॉनांची संख्या, जेमतेम एक-दोन किंवा त्याहूनही कमी असते. पृष्ठभागावरील अणूंचे काही बंध मोकळे राहतात, हवेशी संपर्क आला की तेथे ऑक्साइड बनते, आणि इलेक्ट्रॉन किंवा होल तेथे अडकून आपली ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतो. कवचाचे पहिले काम म्हणजे या पृष्ठभागाला स्फटिकाच्या आत गाडून टाकणे.

इस्रायलमधील उरी बानिन यांच्या गटाने २००० मध्येच इंडियम आर्सेनाइडवर इंडियम फॉस्फाइड, कॅडमियम सेलेनाइड, झिंक सेलेनाइड अशी वेगवेगळी कवचे चढवून पाहिली होती. इंडियम फॉस्फाइडच्या कवचाने तेज वाढण्याऐवजी घटले. सेलेनाइडच्या कवचांनी ते सुमारे २०% पर्यंत नेले. २००६ मध्ये त्याच गटाने कॅडमियम सेलेनाइड आणि त्यावर झिंक सेलेनाइड अशी दुहेरी रचना मांडली. पुढच्या कामाचा पाया हाच आहे, आणि ते नोंदवणे आवश्यक आहे, कारण २०१६ चे यश अचानक उगवले नव्हते.

कॅडमियम सेलेनाइडच्या बाजूने जालकांतराचा मेळ आहे. झिंक सेलेनाइडचे जालकांतर ०.५६७ नॅनोमीटर, म्हणजे गाभ्यापेक्षा सुमारे ६% कमी. झिंक सल्फाइडचे ०.५४१, म्हणजे जवळपास ११% कमी. एवढ्या तफावतीत थर जाड होताना ताण साठत जातो आणि शेवटी तो स्फटिकदोषांच्या रूपाने मोकळा होतो. आणि हे दोष नेमके त्याच सीमेजवळ तयार होतात जिची दुरुस्ती करण्यासाठी कवच घातले होते. कॅडमियम सेलेनाइडमध्ये ही भीती जवळजवळ नाही.

विरोधात मात्र ऊर्जेचे गणित आहे, आणि या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग मला तोच वाटतो. मोठ्या आकारातील मूळ पदार्थांची तुलना केली तर कॅडमियम सेलेनाइडचा वहन पट्टा (उत्तेजित इलेक्ट्रॉनच्या पातळ्या) इंडियम आर्सेनाइडच्या वहन पट्ट्यापेक्षा सुमारे ०.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आणि संयुजा पट्टा (होलच्या पातळ्या) सुमारे ०.९२ खाली आहे. कागदावर ही भिंत दोन्ही बाजूंनी पुरेशी दिसते. पण १३०० नॅनोमीटरला प्रकाश देणाऱ्या कणात बँड गॅप ०.३५ वरून ०.९५ वर गेलेला असतो, ही ०.६० ची वाढ इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यात वाटली जाते आणि इलेक्ट्रॉन अतिशय हलका असल्याने बहुतेक वाटा त्याच्याकडे जातो. म्हणजे इलेक्ट्रॉनची पातळी कॅडमियम सेलेनाइडच्या वहन पट्ट्याच्या कडेपाशीच पोचलेली असते. होल गाभ्यात घट्ट बसून राहतो, इलेक्ट्रॉन मात्र कवचभर पसरतो. लहान गाभ्यात तर भिंत जवळजवळ उरतच नाही.

या पसरण्याचे तीन परिणाम रचनाकाराला आधीच हिशेबात धरावे लागतात. कवच वाढवताना प्रकाश लाल बाजूला सरकतो, म्हणून गाभा अंतिम रंगासाठी नव्हे, तर त्याहून निळ्या रंगासाठी मोजून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉन आणि होल यांचा एकमेकांशी येणारा मेळ थोडा कमी होतो, त्यामुळे प्रकाश सोडण्याचा वेग घटतो आणि वाटेतील एखाद्या दोषाला ऊर्जा हिरावून घेण्यासाठी अधिक वेळ मिळतो. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: इलेक्ट्रॉन कवचाच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचत असल्याने तेथील पृष्ठभागही आता त्याच्यासाठी धोक्याचा असतो. एकट्या कॅडमियम सेलेनाइडने गाभ्याची सीमा दुरुस्त होते, पण समस्या नाहीशी न होता काही थर बाहेर सरकते.

सीमेवर आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. इंडियम आर्सेनाइड तिसऱ्या आणि पाचव्या गटांचे संयुग आहे, कॅडमियम सेलेनाइड दुसऱ्या आणि सहाव्या. झिंक ब्लेंड रचनेत प्रत्येक अणू चार बंध बनवतो, त्यामुळे इंडियम-सेलेनियम बंधात इंडियमकडून तीन चतुर्थांश आणि सेलेनियमकडून दीड, असे मिळून दोनपेक्षा पाव इलेक्ट्रॉन जास्त येतात. कॅडमियम-आर्सेनिक बंधात तितकेच कमी पडतात. दोन्ही प्रकारचे बंध सीमेवर समतोलाने आले तर हिशेब जुळतो, एकाचे प्रमाण वाढले तर सीमेवर विद्युतभार साचतो. जालकांतर जुळले म्हणजे सीमा निर्दोष झाली असे मानण्याची सवय या क्षेत्रात आहे. हे उदाहरण त्या समजुतीला छेद देणारे आहे.

दुसरे कवच आणि तेजाचा खरा हिशेब

इलेक्ट्रॉनला अडवणारी खरी भिंत म्हणून दुसरे कवच आले. कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप २.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि जालकांतर ०.५८२ नॅनोमीटर, झिंक सेलेनाइडचा बँड गॅप सुमारे २.७. कॅडमियम सल्फाइडमध्ये ताण कमी, पण इलेक्ट्रॉनसाठीची भिंत ठेंगणी. झिंक सेलेनाइडमध्ये भिंत उंच, पण ताण अधिक. मधला कॅडमियम सेलेनाइडचा थर येथे ताण झेलणारा दुवा म्हणूनही काम करतो. २०१६ मध्ये अशा गाभा-कवच-कवच कणांसाठी ८२% पर्यंत क्वांटम यील्ड नोंदवले गेले, शिवाय प्रकाशात आणि साठवणीत टिकून राहण्याची क्षमताही सुधारली. अवरक्त चित्रणात तोवर रूढ असलेल्या प्रकाशस्रोतांच्या तुलनेत हे यील्ड दहा ते शंभर पट होते.

८२% हा आकडा पुढे वारंवार सांगितला जातो, परंतु त्यावरच थांबणे योग्य नाही. कणाचे तेज म्हणजे त्याचे शोषण आणि यील्ड यांचा गुणाकार, आणि शोषणाच्या बाबतीत कवच अपेक्षेपेक्षा कमी उपयोगी पडते. दृश्य प्रकाशाने उत्तेजित केल्यास कवचही प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा गाभ्याकडे पोचवते, म्हणून जाड कवचाचा कण अधिक तेजस्वी दिसतो. परंतु ऊतींच्या आत पोचणारा प्रकाश ८०८ नॅनोमीटरसारख्या तरंगलांबीचा असतो, त्याची ऊर्जा १.५३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, आणि कॅडमियम सेलेनाइडला किमान १.७४ लागतात. या प्रकाशासाठी दोन्ही कवचे पारदर्शक आहेत. शोषण फक्त गाभा करतो. ५ नॅनोमीटर व्यासाच्या गाभ्यावर सर्व बाजूंनी दीड नॅनोमीटर कवच, म्हणजे कॅडमियम सेलेनाइडच्या मापाने साधारण चार थर, चढवले तर कण ८ नॅनोमीटरचा होतो आणि त्याचे आकारमान चौपट होते. त्यातील तीन चतुर्थांश भाग जिवंत प्राण्यातील चित्रणात एकही फोटॉन गोळा करत नाही. प्रयोगशाळेतील काचपात्रात निळ्या प्रकाशाखाली केलेली तेजाची तुलना म्हणूनच फसवी ठरू शकते.

पाण्यात, रक्तात

संश्लेषणानंतर कणाच्या पृष्ठभागावर ओलिक आम्लासारखे लांब शेपटीचे लिगंड (पृष्ठभागाला जोडलेले रेणू) असतात आणि कण तेलकट द्रावकातच विरघळतो. रक्तात नेण्यासाठी पृष्ठभाग जलस्नेही करावा लागतो. येथे दोन मार्ग असतात: मूळ लिगंड काढून लहान जलस्नेही रेणू बसवणे, किंवा मूळ लिगंड तसेच ठेवून त्यांच्यावर फॉस्फोलिपिडचे वेष्टन गुंडाळणे. पहिल्या मार्गाने कण लहान राहतो, पण लिगंड काढताना पृष्ठभाग दुखावतो आणि तेज घटते. दुसऱ्या मार्गाने तेज बरेच टिकते, पण कण फुगतो. वरच्याच उदाहरणातील ८ नॅनोमीटरच्या कणावर लिगंडांचा थर आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेल्या फॉस्फोलिपिडांचे वेष्टन धरले तर पाण्यातील व्यास सहज २० नॅनोमीटरच्या घरात जातो.

पाण्याचा आणखी एक त्रास केवळ अवरक्त कणांनाच होतो. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या कंपनाचा अधिस्वर १४५० नॅनोमीटरच्या आसपास येतो, त्यामुळे प्रकाश बाहेर पडण्यापूर्वीच उत्तेजित कण आपली ऊर्जा जवळच्या पाण्याच्या रेणूंना देऊ शकतो. अंतर वाढले की हे हस्तांतर वेगाने कमी होते. म्हणजे शोषणात निरुपयोगी ठरलेले जाड कवच येथे केवळ अंतर राखण्यासाठी उपयोगी पडते. हिरव्या किंवा लाल कणांच्या अनुभवावरून अवरक्त कणाचे कवच आखणाऱ्याच्या नजरेतून ही गोष्ट सहज सुटते.

२०१७ च्या कामात एकाच प्रकारच्या कणाला तीन वेगवेगळी वेष्टने दिली गेली, आणि ती निवड कामानुसार होती. रक्तप्रवाहात दीर्घकाळ फिरत राहण्यासाठी फॉस्फोलिपिड मिसेल (अशा रेणूंचा कणाभोवतीचा गोळा). चरबी वाहून नेणाऱ्या लायपोप्रोटीनच्या मार्गाचा माग काढण्यासाठी लायपोप्रोटीनसारख्या कणांत भरलेले क्वांटम डॉट. आणि अनेक डॉट एकत्र बांधलेले मोठे, अतिशय तेजस्वी संयुक्त कण. स्फटिकाची रचना एकदा स्थिर झाली की बाहेरचे वेष्टन स्वतंत्रपणे बदलता येते, ही सोय जाड कवचाचीच देणगी होती. पातळ कवचाच्या कणाचे तेज प्रत्येक नव्या वेष्टनाबरोबर बदलले असते.

प्रत्यक्ष प्राण्यात

२०१६ मध्येच उंदराच्या मेंदूतील वाहिन्यांचे चित्र कवटीच्या आरपार मिळाले होते. पुढच्या वर्षी त्याच प्रकारच्या कणांनी वेगवेगळ्या अवयवांतील लायपोप्रोटीनच्या चयापचयाचा वेग एकाच वेळी मोजला, भूल न दिलेल्या आणि बांधून न ठेवलेल्या उंदरांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजले, आणि मेंदूतील रक्तप्रवाहाचे त्रिमितीय, संख्यात्मक नकाशे तयार केले. भूल दिल्यावर हृदय आणि श्वास दोन्हींचे वेग बदलतात, त्यामुळे जागेपणीचे मोजमाप ही दुय्यम बाब नव्हे. प्रवाहाच्या नकाशासाठी संयुक्त कण एकेकटे ओळखून त्यांचा चौकटीगणिक पाठलाग करावा लागतो. वाहिनीतील वेग सेकंदाला ५ मिलिमीटर धरला तर १६ मिलिसेकंदांत कण सुमारे ८० मायक्रोमीटर सरकतो. म्हणजे प्रत्येक कणातून, प्रत्येक चौकटीत, त्याची जागा ठरवण्याइतके फोटॉन यायलाच हवेत. सुरुवातीला मांडलेली वेळेची अट येथे प्रत्यक्ष कसोटीला लागली आणि उच्च यील्डचा उपयोग येथेच सर्वाधिक दिसला.

हे सर्व उंदरांपुरतेच आहे, आणि ते तसेच राहण्याची शक्यता अधिक आहे. कॅडमियम आणि आर्सेनिकची संयुगे या दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. कवच अखंड असेतो ते बाहेर पडत नाहीत हा युक्तिवाद काही तासांच्या प्रयोगासाठी पुरेसा आहे; यकृत आणि प्लीहेत महिनोन्‌महिने राहू शकणाऱ्या कणासाठी तो पुरेसा नाही. दुसरीकडे इंडोसायनिन ग्रीन हा रंग अमेरिकेत १९५९ पासून माणसांसाठी मान्य आहे. त्याचे शिखर ८३० नॅनोमीटरच्या आसपास असले तरी त्याच्या वर्णपटाची शेपटी १००० च्या पलीकडे पोचते आणि योग्य कॅमेऱ्याने ती टिपता येते, हे या कामांनंतर लगेचच दाखवले गेले. त्या शेपटीत फारच थोडे फोटॉन असतात, पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर तेवढे अनेकदा पुरतात. माझ्या मते नॅनोस्फटिकांची खरी जागा, जेथे वेग, अनेक रंग आणि संख्यात्मक मोजमाप एकाच वेळी हवे असते, तेथे म्हणजे प्राण्यांवरील मूलभूत संशोधनात आहे.

यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे कण मूत्रावाटे बाहेर पडेल इतका लहान करणे. २००७ मध्ये दाखवले गेले की त्यासाठी पाण्यातील व्यास सुमारे ५.५ नॅनोमीटरच्या आत असावा लागतो. १३०० नॅनोमीटरला प्रकाश देणाऱ्या रचनेत इंडियम आर्सेनाइडचा एकटा गाभाच जवळपास तेवढा भरतो. कवच, लिगंड आणि वेष्टन यांना जागाच उरत नाही. गाभा २ नॅनोमीटरच्या आत आणून पातळ झिंक सेलेनाइडचे कवच चढवलेले लहान कण २००६ मध्ये बनवले गेले होते, आणि त्यांचा पाण्यातील व्यास १० नॅनोमीटरच्या आत ठेवता आला. पण त्यांचा प्रकाश ७५० ते ९२० नॅनोमीटरच्या दरम्यान होता, म्हणजे ज्या खिडकीतून बाहेर पडण्यासाठी हा सारा खटाटोप केला तिच्यातच परत. या पदार्थात लांब तरंगलांबीसाठी मोठा गाभा लागतो, पाण्यातील तेजासाठी जाड कवच लागते आणि मूत्रपिंडाला लहान कण लागतो. पहिल्या दोन अटी ज्या दिशेला ओढतात, तिसरी नेमकी त्याच्या उलट दिशेला ओढते, आणि कवचाची जाडी बदलून हा पेच सुटत नाही.